अल्बिअन ऑनलाइन, सात महिन्यांनंतर: लाल झोन आणि साताऱ्याची लाईट

अल्बिअन ऑनलाइन हा इंटरनेटवर अनेकांनी एकत्र खेळायचा गेम. त्यातले भाग, म्हणजे झोन, रंगांनी ओळखतात: पिवळ्यात धोका कमी, लाल आणि काळ्यात जास्त. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं, तर पिवळ्या झोनच्या पुढे जाऊच नका असं सांगितलं असतं. आता मत निम्मं बदललंय.

लाल आणि काळ्या झोनमध्ये मेलात की अंगावरचं, पिशवीतलं सगळं जातं. त्यातलं काही नष्ट होतं, उरलेलं मारणारा उचलतो. पण फेम, म्हणजे खेळून मिळवलेले अनुभवाचे गुण, जात नाही. हत्यार चालवून कमावलेला हात तुमचाच राहतो. म्हणून एकच हत्यार धरा, त्याच्या स्पेशलायझेशनने (तेच वापरत राहून येणाऱ्या प्राविण्याने) आयटम पॉवर, म्हणजे सामानाची ताकद, वाढवा आणि कपडे स्वस्तातले घाला. ४.१ (चौथ्या पायरीचं, एकदा मंतरलेलं सामान) आणि साधा टी५ (पाचव्या पायरीचं) यांची मूळ पॉवर सारखीच, तेव्हा बाजारात जो स्वस्त तो घ्या. असे पाच संच निघायच्या शहरातच ठेवा, कारण प्रत्येक शहराची बँक वेगळी. पाच परवडत नसतील तर तो संच तुमच्यासाठी महाग आहे.

लाल झोनमध्ये शत्रू खेळाडूंचा आकडा दिसतो. तो वाढला की हातातलं खोदकाम सोडून घोड्यावर बसायचं.

लढून हरलं तर चालतं. लाईट गेल्यामुळे मरणं मात्र सहन होत नाही. नेट तुटलं तरी पात्र लगेच नाहीसं होत नाही, तिथेच उभं राहतं. पावसाळ्यात लाईट नुसती लुकलुकली तरी राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. इन्व्हर्टर असला तरी बदलाच्या झटक्यात राउटर बंद पडू शकतो. राउटरला मिनी यूपीएस लावा. आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो.

यूपीएस लावला की प्रश्न मिटला, असं वाटलं होतं. तसं नाही. वायफाय चालू पण इंटरनेटचा दिवा लाल, म्हणजे दोष पुढे आहे. इथे केबलवाल्याच्या कोपऱ्यावरच्या डब्यातल्या स्विचला बॅकअपच नव्हता. तीन तक्रारींनंतर बॅटरी बसली, तीही तासभरच पुरते. महिन्याचे पैसे मात्र पूर्ण घेतात, हे चुकीचंच आहे. मोबाईल डेटावर वळलात तरी पुन्हा लॉगिन करावं लागतं, आणि तेवढ्यात खेळ आटोपलेला असतो.

त्यामुळे साताऱ्याजवळच्या यवतेश्वराच्या डोंगराच्या बाजूने आभाळ भरून आलं की पिवळा झोन. तिथे पडलात तरी सामान राहतं, फक्त झीज होते आणि दुरुस्तीला सिल्व्हर (गेममधला पैसा) लागतं. प्रीमियमला, म्हणजे गेमच्या सशुल्क सदस्यत्वाला, रुपये घालू नका. सिल्व्हर देऊन गोल्ड (गेममधलंच दुसरं चलन) घ्या, त्यातून प्रीमियम मिळतं.