मिठाच्या पाण्यात बुडवा म्हणे!

आधीच सांगते, मी नवशिकी नाही. नऊ वर्षं गोधड्या शिवतेय. तरीही ६,९७० रुपयांना बुडाले. हसायचं असेल तर हसा, पण कापड घेण्याआधी हे वाचा.

इन्स्टाग्रामवर एक जण ‘अजरखपूरहून थेट, नैसर्गिक रंग’ म्हणत लाल-निळं अजरख, म्हणजे कच्छकडचं ठशांनी छापलेलं कापड, विकत होता. ३८० रुपये मीटर. अगदी मातीमोल भाव असता तर मला शंका आली असती, पण तेवढा तो हुशार होता. ११ मीटरचे ४,१८० आणि कुरियरचे १५०, सगळे आगाऊ. बिल मागितलं तर म्हणे, “ताई, आम्ही कारागीर माणसं, आमच्याकडे कुठलं बिलबुक?” मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आता ती इस्त्री. ती आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. कापण्याआधी पाणी शिंपडून इस्त्री फिरवली, तर खालच्या पांढऱ्या चादरीवर गुलाबी डाग. दिसला. डोळ्यांनी दिसला! खऱ्या अजरखचा लाल तुरटी आणि मंजिष्ठेच्या मुळांचा किंवा अलिझरिनचा (मंजिष्ठेतलं लाल रंगद्रव्य) असतो, कापड उकळत्या भांड्यातून काढलेलं असतं. तो इस्त्रीच्या वाफेला घाबरेल? कापडाची उलटी बाजूही फिकट होती. हे सगळं मला माहीत होतं. पण रुखवताची ऑर्डर होती, हातात आठ दिवस, आणि तो म्हणाला, “नैसर्गिक रंग आहे, पहिल्या धुण्यात थोडा जाणारच.” निळीचा सैल रंग सुरुवातीला थोडा निघतो, हे खरंच आहे. त्या अर्ध्या खऱ्यानेच घात केला. माझा तर लाल जात होता!

गोधडी झाली. अस्तराचं पांढरं मलमल ६००, दोरा २४०, धावदोरा घालणाऱ्या मावशींची मजुरी १,८००. द्यायच्या आदल्या दिवशी धुतली, तर बादलीत नुसतं कुंकू. त्याला फोन केला. “मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवा, रंग पक्का होईल.” झाला पक्का, माझ्या अस्तरावर! ओळखीच्या रंगाऱ्याने नंतर सांगितलं की असले स्वस्त रंग सुतात शिरावेत म्हणून रंगवतानाच मीठ घालतात. म्हणजे मी रात्रभर अस्तर रंगवत बसले होते. असं झालं तर ओली गोधडी वाळू देऊ नका, घडी करून ठेवू नका. भरपूर गरम पाणी, साबण, आणि पाणी नितळ येईपर्यंत बदलत राहा. सासूबाई म्हणाल्या, “जुन्या लुगड्यांची शिवली असतीस तर?” बरोबर आहे, शंभरदा धुतलेल्या लुगड्यात जायला रंग उरतोच कुठे. पण तेव्हा ऐकवत नव्हतं.

गिऱ्हाईकाची ३,५०० उचल परत केली. कापडवाल्याने मला ब्लॉक केलं.

मग सुरू झाले खेटे. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, यात फसवणूक कसली? चौकीत हवालदाराने गोधडी उलटीपालटी केली आणि विचारलं, “रंग गेला म्हणून गुन्हा नोंदवू? लाँड्रीत द्या की.” मागे बसलेले दोघं हसले. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर बाई म्हणाल्या, विक्रेत्याचा पत्ता आणा. अहो, पत्ता असता तर मीच गेले नसते का? दुसऱ्या वेळी बिल मागितलं, तिसऱ्या वेळी साहेब रजेवर. रिक्षाला गेलेले ३२० वेगळेच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे तिथे एकानेही सांगितलं नाही. मला भाच्याने सांगितलं.

एक मीटरच मागवा आधी. चार बोटांची चिंधी गरम साबणाच्या पाण्यात, पांढऱ्या फडक्यासोबत, अर्धा तास. बिल नाही म्हणाला तर विषय संपला, कारागीर असो नाहीतर कोणी.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. मी संतापून त्याच रात्री सगळं पुसलं. आता अर्जासोबत तेच मागतायत.