वही की मोबाईल? सुचलेलं कुठे टिपावं

भाचा डिप्लोमा करून नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला. पहिल्या पगारातून त्याला टॅब आणि त्याचं ते पेन घ्यायचं होतं, आयडिया टिपायला. घेण्याआधी त्यानं मला विचारलं, "मामा, तू अजून वहीच का घेऊन फिरतोस?" मी वही आणि फोन दोन्ही वापरतो, आणि दोन्हींनी मला एकेकदा तोंडघशी पाडलंय. त्यामुळे त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. जे नंतर सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

माझं काम सातपूरला, जिग-फिक्श्चरचं. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर हलू न देता कसा धरायचा, याच्या युक्त्या शोधायच्या. युक्ती टेबलाशी बसून क्वचित सुचते. ती सुचते मशीनपाशी उभं असताना, नाहीतर द्वारका चौकात वाहतुकीत अडकल्यावर. म्हणून "वही बरी की ॲप" असा मोघम प्रश्न मला कधी पटला नाही. सुचतं तेव्हा तुमचे हात कुठे असतात, तिथून सुरुवात करा.

मशीनपाशी हाताला कूलंट (जॉब कापताना थंड ठेवणारं द्रव) आणि तेल असतं. फोन अंगठा ओळखत नाही. ओळखलाच, तर वरच सोसायटीच्या ग्रुपवरचं टँकरचं भांडण दिसतं, आणि ते वाचून होईपर्यंत डोक्यातली चिमट्याची युक्ती निसटलेली असते. वहीत त्याच वेळात तीन रेघा होतात: जॉबची कड, खालचा आधार, वरून येणारा क्लॅम्प, म्हणजे चिमटा. बाजूला "१२ मिमी, पाना फिरेल का?" एवढं लिहिलं की झालं. टॅबवर पेननं हे चित्र छान काढता येतं, कबूल. पण लेथच्या शेजारी, धातूची बर (कीस) उडत असताना टॅब कोण बाहेर काढणार? भाच्याला मी हेच आधी विचारलं. तो म्हणाला, "मग घरी जाऊन काढीन." म्हणजे टिपायचं ते आधी दुसरीकडे कुठेतरी टिपावंच लागणार.

गाडीवर मात्र वही बिनकामाची. तिथे मी बाजूला थांबून फोनमध्ये बोलतो. आधी मराठी व्हॉइस टायपिंग करायचो. एकदा "व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) खालून द्यायचा" असं बोललो आणि घरी येऊन बघतो तर "मी ब्लॉक खालून द्यायचा". धंद्याचे शब्द, हॉर्न आणि हेल्मेट एकत्र आले की असंच होतं. तेव्हापासून सरळ आवाजच रेकॉर्ड करतो, अक्षरं नंतर. पुष्कळ जण व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकतात. ती सोय २०२२च्या अखेरीस आली आणि त्याआधी लोक त्यासाठी एकट्याचा ग्रुप काढायचे. टाकायला सोपं आहे, पण दोन महिन्यांनी त्यातून काही शोधणं म्हणजे अडगळीच्या माळ्यावर चढणं.

पावसाचं सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी जुलैत गंगापूर रोडवर अशी सर आली की स्कूटरच्या डिकीत पाणी गेलं. वही घरी येऊन उघडली तर जेल पेननं लिहिलेली पानं निळीशार, एक शब्द लागेना. बॉलपेनचं बरंचसं शाबूत होतं, आणि पेन्सिलीचं जसंच्या तसं. कारण साधं आहे: जेलची शाई पाण्यात कालवलेली, बॉलपेनची तेलकट, आणि पेन्सिलीचं ग्रॅफाइट पाण्यात विरघळतच नाही. तर वहीवाल्यांनी नाशिकच्या पावसाळ्यात जेल पेन घरी ठेवावं. तेलाशी संबंध असेल तर बॉलपेनही नको, पेन्सिलच. वही घेताना शिलाईची घ्या, ती सपाट उघडते. ए-५ आकार, म्हणजे १४८ बाय २१० मिमी, मला सोयीचा वाटतो, कारण उघडी वही बरोब्बर ए-४ कागदाएवढी होते आणि दोन पानांचा फोटो एकाच प्रिंटमध्ये बसतो. साधी दोनशे पानी वही शंभर रुपयांच्या आत मिळते. चामड्याच्या कव्हरची भारी डायरी घेऊ नका. तिच्यात वेडंवाकडं खरडायला मन धजत नाही.

आता शोधण्याकडे येऊ. इथे फोन जिंकतो असं सगळे धरून चालतात, मीही चाललो. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं तसं होत असेल. मराठीत घोटाळा आहे. मी नोट लिहिली होती, "चिमट्याला खाली रबर लावायचं". सहा महिन्यांनी "चिमटा" टाकून शोधलं, तर काहीच नाही. आपल्या भाषेत विभक्ती लागताना मूळ शब्दच बदलतो, चिमटा-चिमट्याला. शोधणारं यंत्र मात्र आडमुठ्या कारकुनासारखं, दिलेली अक्षरं जशीच्या तशी मिळाली तरच फाईल काढतं. लासलगावच्या एखाद्या व्यापाऱ्यानं "कांदा" असं शोधलं, तर "कांद्याचा भाव" लिहिलेली नोट अशीच लपून राहील. यावर माझ्या फोनवर चालणारा उपाय म्हणजे शेवटचा काना सोडून "चिमट" किंवा "कांद" एवढंच टाकायचं, म्हणजे दोन्ही रूपं सापडतात.

दुसरा घोटाळा याहून लबाड. "दुसऱ्या" या शब्दातला तो अर्धा र. एक कीबोर्ड तो नुक्त्याच्या ऱ पासून बनवतो, दुसरा साध्या र ला एक न दिसणारं चिन्ह जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. फोन बदलला, कीबोर्ड बदलला, की जुन्या नोटा हाक मारूनही ओ देत नाहीत. आकड्यांचंही तेच: मराठी १२ आणि इंग्रजी 12 बहुतेक ॲप्सना एक वाटत नाहीत. म्हणून आता प्रत्येक नोटेच्या शेवटी मी एक ठरलेला शब्द मूळ रूपात टाकतो, "चिमटा", "बेअरिंग", "आधार". रोज दोन सेकंदांचं काम आहे, पण ते न करणाऱ्यानं फोनच्या शोधावर विसंबू नये.

वहीत शोधायचं कसं? पानांना नंबर घालायचे, सुरुवातीची दोन पानं अनुक्रमणिकेला सोडायची आणि महिन्यातून एकदा ती भरायची. शिवाय जागा आठवते: डाव्या पानावर, खाली, चहाचा डाग आहे तिथे. फोनमधल्या नोटेला असा डाग नसतो. पण वही घरी राहिली आणि कारखान्यातून कुणी विचारलं, तर तुम्ही हातावर हात धरून बसता. तिथे फोनला पर्याय नाही. मी रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या पानांचा फोटो काढून ठेवतो. माझं हस्ताक्षर वाचून त्यातला मजकूर काढण्याचा प्रयत्न फोन करतो, जे निघतं ते वाचून बायको हसते.

टिकण्याचा मुद्दा थोडक्यात. वही भिजते, हरवते. डिजिटल नोटा मालकाच्या मर्जीवर राहतात: एव्हरनोट या नोटांच्या ॲपनं डिसेंबर २०२३पासून फुकट वापरणाऱ्यांना ५० नोटा आणि एकच वही अशी मर्यादा घातली, आणि सलग दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकण्याचा नियम गूगलनंही २०२३मध्येच केला. कुठलंही ॲप घ्या, पण सगळ्या नोटा साध्या फाईलमध्ये बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच दिवशी करून बघा. (नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात त्या नोटा सगळीकडे चालतात. आपल्या नोटांचं तसं नाही.)

हातानं लिहिलेलं जास्त लक्षात राहतं, असं वहीवाले ठासून सांगतात. २०१४ साली म्युलर आणि ओपेनहायमर या दोन संशोधकांच्या प्रयोगात समजुतीच्या प्रश्नांना हातानं टिपणं घेणारे विद्यार्थी लॅपटॉपवाल्यांपेक्षा सरस ठरले होते. २०१९मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही. शिवाय तो प्रयोग व्याख्यान उतरवून घेण्याचा. सुचलेलं टिपणं वेगळं. एवढ्यावर निर्णय करू नका.

माझा स्वतःचा निर्णय एका वेगळ्याच गोष्टीवर झाला. फोनमध्ये मला तेवढंच सापडतं जे मी शोधायला जातो. वहीत काल काढलेलं चित्र बघायला म्हणून पानं उलटतो आणि वाटेत मार्चमधली एक फसलेली कल्पना भेटते. तिच्यातला आधार आणि कालचा क्लॅम्प जुळवला की कधीकधी काम होतं. गेल्या वर्षभरात अशी दोन फिक्श्चर झाली. फोनमधून एकही नाही. तेव्हा ज्याच्या कामात जुन्या-नव्याची अशी मोट बांधावी लागते, म्हणजे डिझाइन, लिखाण, चाली लावणं, नवा पदार्थ करणं, त्यानं वहीच घ्यावी. ज्याला दुसऱ्यांच्या प्रश्नांना चटकन उत्तरं द्यावी लागतात, भाव, मापं, पत्ते, तारखा, त्यानं फोन. वहीच्या वाटेला जाऊच नये. रोजचा वेळ प्रवासात जात असेल तर आवाज रेकॉर्ड करा, पण आठवड्यातून एकदा बसून तो ऐका. टॅब घ्यायचाच असेल तर ड्रॉइंग स्वच्छ करायला घ्या, सुचलेलं पकडायला नको.

भाच्यानं टॅब पुढच्या दिवाळीवर ढकलला. मेन रोडवरून शिलाईची वही आणि दोन पेन्सिली आणल्या, आणि पहिल्या दिवसाच्या पानाचा फोटो मला पाठवला. चित्र बरं होतं. पण अनुक्रमणिकेला सोडायला सांगितलेली दोन पानं त्यानं सोडली नव्हती.