आठ महिने यू-डायसच्या आकड्यांसोबत : भांडुपमध्ये लेकीसाठी महापालिकेची शाळा शोधताना

चिपळूणजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर शाळेच्या नावाखाली अकरा आकड्यांचा एक क्रमांक रंगवलेला होता. लेकीला आणायला जायचे तेव्हा दोन वर्षं रोज तो डोळ्यांसमोर असायचा, पण तो कशाचा हे मी कधी विचारलं नव्हतं. गेल्या एप्रिलमध्ये नवऱ्याची बदली मुंबईला झाली, भांडुपला भाड्याने घर ठरलं आणि जूनमध्ये तिसरीत जाणाऱ्या मुलीसाठी शाळा शोधायची वेळ आली. तेव्हा त्या क्रमांकाचा अर्थ कळला. तो यू-डायस क्रमांक, म्हणजे देशभरच्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेत त्या शाळेची ओळख. पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे आपल्यासाठी २७, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग गट, मग गाव किंवा वॉर्ड आणि शेवटचे दोन त्या शाळेचे. देशातल्या साडेचौदा लाखांहून जास्त शाळांना असा एकेक क्रमांक आहे. केंद्राच्या ‘नो युवर स्कूल’ या संकेतस्थळावर शाळा शोधली की तिचं रिपोर्ट कार्ड उघडतं. त्याला पैसे लागत नाहीत. गेले आठ महिने मी ते वापरते आहे, त्याचा हा अनुभव.

मुलीला मराठी माध्यमातच आणि महापालिकेच्याच शाळेत घालायचं हे आमचं आधीच ठरलं होतं. प्रश्न होता कोणत्या शाळेत. चाळीत विचारलं तर प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. ‘ती शाळा चांगली’, ‘तिकडे नका घालू.’ पण असं सांगणाऱ्यांपैकी एकाचंही मूल त्या शाळेत गेलेलं नव्हतं. मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे ऐकीव गोष्टीपेक्षा कागद बघायची सवय आहे. चालत जाता येईल अशा सहा शाळांची रिपोर्ट कार्डं उतरवून घेतली आणि सगळं एका तक्त्यात भरलं.

पहिले दोन आठवडे मी चुकीच्या रकान्यांवर घालवले. वर्गखोल्या, मुलींची स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, वीज, रॅम्प, ग्रंथालय, मैदान, संगणक. आपल्यासारख्या पालकाची नजर आधी तिथेच जाते. पण शहरात या रकान्यांवरून शाळा वेगळ्या काढता येत नाहीत, कारण जवळजवळ सगळीकडे ‘होय’ असतं. ही माहिती शाळेनेच भरलेली असते आणि गट व जिल्हा पातळीवर ती तपासून पुढे जाते. ‘ग्रंथालय : होय’ म्हणजे मुलं पुस्तकं घरी नेतात असंही असू शकतं, किंवा मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलूपबंद कपाट आहे असंही असू शकतं. पुढे प्रत्यक्ष गेले तेव्हा मला ही दोन्ही चित्रं पाहायला मिळाली, दोन वेगवेगळ्या शाळांत, आणि कागदावर दोघींचा शब्द एकच होता.

मुंबईत आणखी एक गुंता आहे, जो गावाकडून येणाऱ्याला माहीत नसतो. इथे महापालिका आठ माध्यमांतून शिकवते : मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमीळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. एकाच इमारतीत मराठी शाळा, हिंदी शाळा, उर्दू शाळा अशा तीन-चार शाळा भरतात, काही सकाळच्या अधिवेशनात (म्हणजे पाळीत), काही दुपारच्या. प्रत्येकीचा यू-डायस क्रमांक वेगळा आणि रिपोर्ट कार्डही वेगळं. त्यामुळे एकच मैदान चार कार्डांवर ‘होय’ म्हणून येऊ शकतं. खोल्या, नळ, स्वच्छतागृहं यांचंही तसंच. कार्डावरच्या आकड्याला फक्त त्या शाळेच्या पटसंख्येने भागलं तर उत्तर खोटं येतं. मी पत्ता जुळवून त्या इमारतीतल्या सगळ्या शाळांचा पट एकत्र केला, मग भागाकार केला. सहापैकी दोन शाळांचं चित्र त्या एका बेरजेने बदललं. महापालिकेच्या शाळांची तुलना करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

नंतर वळले शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या प्रमाणाकडे. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला एका शिक्षकामागे ३० मुलं म्हणतो, त्यामुळे ज्या शाळेत हे प्रमाण १८-२० दिसतं ती उत्तम वाटते. मलाही वाटली. पण पूर्ण कोष्टक वाचा. पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, आणि पाचवा शिक्षक १२० च्या पुढे. म्हणजे ३८ मुलं आणि दोन शिक्षक असलेल्या शाळेचं प्रमाण १९ येतं, कागदावर सुरेख. प्रत्यक्षात पाच इयत्ता दोन माणसांत वाटलेल्या असतात. बाई तिसरीला गणित देऊन पहिलीला अक्षरं गिरवायला वळतात, आणि त्यातल्या एकीला जनगणनेचं, निवडणुकीचं किंवा प्रशिक्षणाचं बोलावणं आलं की पाचही इयत्ता एकीकडे. शहरातल्या मराठी शाळांचा पट घसरत चाललाय, त्यामुळे हे चित्र आता खेड्यापुरतं राहिलेलं नाही. म्हणून मी प्रमाणाचा रकाना सोडला आणि साधा प्रश्न धरला : पाच इयत्तांना किमान पाच शिक्षक आहेत का? सहापैकी दोन शाळा इथे गळल्या. त्या शाळांतल्या शिक्षकांचा यात काही दोष नाही, हे मात्र मला मनापासून सांगायचं आहे.

आता त्या रकान्याबद्दल, ज्याने मला सर्वांत जास्त दिलं. तो आहे इयत्तावार पट. एकूण पट बघून फारसं कळत नाही, तीच मुलं वर्षागणिक पुढे सरकताना बघावी लागतात. माझी मुलगी २०२५ च्या जूनमध्ये तिसरीत जाणार होती, म्हणजे तिच्या बरोबरीची मुलं २०२३-२४ मध्ये पहिलीत होती. त्यांच्या एक वर्ष पुढची मुलं २०२२-२३ मध्ये पहिलीत आणि २०२३-२४ मध्ये दुसरीत. समजा पहिलीत ४० होती आणि पुढच्या वर्षी दुसरीत ३९ दिसली, तर पालक टिकून आहेत. ४० ची २७ झाली, तर १३ घरांनी काहीतरी ठरवलंय, आणि त्यांनी तो वर्ग आतून पाहिलेला होता. चाळीतल्या ऐकीव मतांपेक्षा या १३ घरांचं मत मला मोलाचं वाटतं. पट वाढत गेलेला दिसला तर तेही तितकंच बोलकं, कारण दुसऱ्या शाळेतून काढून इथे आणलेलं मूल म्हणजे कुणीतरी तुलना करून घेतलेला निर्णय.

पण इथेच थांबून शाळेवर शिक्का मारू नका. मी मारला होता, आणि तो चुकीचा निघाला. एका शाळेचा पट दोन वर्षांत इतका उतरला होता की मी तिच्यावर काट मारली. मग एका रविवारी त्या बाजूला गेले तर शाळेमागची वस्तीच जागेवर नव्हती. झोपडपट्टी पुनर्वसनात घरं पाडली होती, लोक संक्रमण शिबिरात किंवा भाड्याने लांब गेले होते. मुलं शाळेला कंटाळून गेलेली नव्हती, त्यांचं घर तिथून उठलं होतं. अशाच प्रकारे इमारत धोकादायक ठरली की शाळा दुसऱ्या इमारतीत हलवतात आणि लांब पडल्यामुळे मुलं कमी होतात. आकडा उतरला हे कार्ड सांगतं, का उतरला ते गल्लीत जाऊन कळतं.

आणखी एक सावधगिरी. २०२२-२३ पासून यू-डायसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद स्वतंत्रपणे घेतली जाते, त्याआधी शाळा एकत्रित आकडे भरायची. पद्धतच बदलल्यामुळे २०२१-२२ आणि २०२२-२३ मधला फरक खरी घट म्हणून वाचू नये. मी २०२२-२३ च्या मागे जायचं बंद केलं. माहिती उशिराने येते हेही लक्षात घ्या : २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षांचे राष्ट्रीय अहवाल २०२४ च्या डिसेंबरअखेर आले. जूनचा प्रवेश घेताना तुमच्या हातात आधीच्या वर्षांचंच चित्र असतं. मधल्या काळात शिक्षक बदलून गेलेले असू शकतात, हे थेट शाळेतच विचारावं.

आणि सगळ्यात मोठी उणीव. मुलं काय शिकतात, याचा एकही आकडा या कार्डावर नाही. नोव्हेंबर २०२१ चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि डिसेंबर २०२४ चं परख सर्वेक्षण यांचे निकाल जिल्ह्यापर्यंत येतात, शाळेपर्यंत नाही. ‘प्रथम’ संस्थेचं ‘असर’ हे गाजणारं सर्वेक्षण ग्रामीण भागाचं असतं, त्यामुळे चिपळूणला त्याचा संदर्भ लावता यायचा, भांडुपला नाही. दहावीचा निकाल शाळावार मिळतो, पण तिसरीच्या आईला तो फार लांबचा. त्यातल्या त्यात प्राथमिक टप्प्यावरची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. तिच्याबद्दल विचारताना किती पात्र ठरले एवढंच नको, वर्गातले किती बसवले होते हेही विचारा. चार निवडक मुलं बसवून चारही पात्र होणं आणि ३० जणांना बसवून बारा पात्र होणं यात मी दुसरी शाळा निवडेन.

उरलेल्या शाळा पाहायला मी मे संपायच्या आत आणि पुन्हा शाळा उघडल्यावर अशा दोनदा गेले. जी निवडली तिचं कार्ड तक्त्यात पहिलं नव्हतं, तिसरं होतं. पण जिन्याखालच्या कोपऱ्यात बाईंनी सतरंजी टाकून गोष्टीची पुस्तकं मांडली होती, कोपरे दुमडलेली, पानं मऊ पडलेली. तिसरीच्या एका मुलाने मला न विचारता एक गोष्ट वाचून दाखवली. शिवाय या शाळेला जाताना एलबीएस मार्ग ओलांडावा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे नियम प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत म्हणतात, पण त्या किलोमीटरमध्ये अवजड वाहनांचा रस्ता आहे का हे कोणत्याच रकान्यात नसतं.

दाखल्याबद्दल थोडं, कारण गावाहून येणाऱ्या घरांना याचीच धास्ती असते. मुलीला यू-डायसमध्ये कायम शिक्षण क्रमांक मिळालेला होता. जुन्या शाळेने तिचं नाव यू-डायसमधल्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या यादीत टाकलं, नव्या शाळेने तिथून ते आपल्याकडे ओढून घेतलं, आणि तिची नोंद तुटली नाही. गावच्या गुरुजींनी हे दोन दिवसांत केलं, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला तरी त्या कारणाने प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. ते माहीत असू द्या.

प्रवेश झाल्यावर हे संकेतस्थळ पुन्हा उघडायची गरज पडणार नाही असं वाटलं होतं. पण मी शाळा व्यवस्थापन समितीत गेले. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पहिल्याच बैठकीला आमच्या शाळेच्या कार्डाची छापील प्रत घेऊन गेले आणि एकेका ‘होय’समोर आम्ही सगळ्यांनी जाऊन पाहिलं. हात धुवायच्या सहा नळांपैकी दोन कोरडे होते. मुख्याध्यापिकाबाईंनी ते लिहून घेतलं आणि दुरुस्तीचं पत्र त्याच दिवशी गेलं. दिवाळीनंतर दोन्ही नळांना पाणी आलं. आता पुढची माहिती भरायच्या आधी समितीने पुन्हा एकदा कार्ड घेऊन शाळाभर फिरायचं ठरवलं आहे. या वेळी आमच्याच इमारतीत दुसऱ्या अधिवेशनात भरणाऱ्या हिंदी शाळेचे पालकही सोबत येणार आहेत, कारण नळ दोघांचेही तेच आहेत.