व्हॉट्सॲप ग्रुप की ओटीवरची बैठक? नव्या डायलिसिसवाल्यांसाठी

नुकतंच डायलिसिस सुरू झालेले दोघेतिघे एकच विचारतात: ग्रुपवर यावं, की तुमच्या त्या रविवारच्या बैठकीला? दोन्ही केलंय, म्हणून लिहितो. आठवड्यातून 3 वेळा, 4-4 तास, फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातात जोडून घेतलेली रक्तवाहिनी), ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) हे एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल.

आधी ग्रुपची बाजू, नाहीतर पुढे राहून जाईल. कागदपत्रांच्या बाबतीत ग्रुपला तोड नाही. फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पण घोडं कुठल्या कागदावर अडतं ते तिथे दहा मिनिटांत कळतं. पुतणीच्या लग्नाला पुण्याला गेलो, तेव्हा तिथल्या सेंटरमधली रिकामी वेळही ग्रुपनेच शोधून दिली.

बिनसलं ते मे महिन्यात. मशीनवर असताना दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की मी, पन्नाशीचा बाप्या, रडलो. घरी येऊन ग्रुपवर तेवढंच लिहिलं. दोन मिनिटांत 17 उत्तरं: ‘हिंमत ठेवा’, ‘पॉझिटिव्ह राहा’. एकाने तर फुगवलेल्या दंडाचं चित्र टाकलं. पोटरीत गोळे आलेल्या माणसाला दंड! सगळी भली माणसं, राग कुणावर धरणार? पण त्यानंतरचं दुखणं मी तिथे लिहिलंच नाही.

तेच रविवारी गुहागरला ओटीवर सांगितलं. आम्ही सात-आठ जण असतो, त्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर, आमचे अण्णा. त्यांनी धीरबीर काही दिला नाही.

“मशीनने किती काढलंन?”

“साडेतीन लिटर पाणी.”

“आणि पेज किती ओरपतोस?”

पेज, सोलकढी, आमटी, चहा सगळं पाण्यातच धरायचं, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. मी आपला तांब्यातलंच पाणी मोजत बसलो होतो. अंगात साठलेलं सगळं त्या 4 तासांत उपसायचं, मग गोळे येणारच. पेज अर्धी वाटी केली. गोळे थांबले असं छातीठोक म्हणत नाही, पण कमी झाले. तुमचं माप मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

ओटीचेही ताप आहेत. जुलैत निम्मे येत नाहीत. ज्यांची पाळी सोम-बुध-शुक्र, ते शुक्रवारपासून पाणी साठून रविवारी फुगलेले, धापा टाकत येतात. आणि एखादी खुर्ची कायमची रिकामी होते, तेव्हा कुणाला काय बोलावं सुचत नाही. ग्रुपवर निदान श्रद्धांजली लिहून मोकळं होता येतं.

तेव्हा घर लांब असेल, सोबतीला कुणी नसेल, तर ग्रुपच बरा, उगाच माझं ऐकून ओढाताण करू नका. मीही ग्रुप सोडलेला नाही, म्यूट करून ठेवलाय, कागदपत्रांपुरता. रविवारी चारला ओटीवर आलात तर चहा मिळेल. अर्धाच कप. अण्णा बघत असतात.