झोटेरो: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर, आणि थोडं 'महाराष्ट्र, जी. ऑफ' यांच्याविषयी

पेपर परत आला. परीक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही, संपादकीय कार्यालयानेच माघारी धाडला. नियतकालिकाचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच छापून यायचं आहे. कारण दोन ओळींचं: संदर्भसूची आमच्या पद्धतीत नाही, एपीए नको, शिकागो ऑथर-डेट हवी (दोन्ही संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धती). आणि खाली खोचक विचारणा, की हे 'महाराष्ट्र, जी. ऑफ' कोण?

कोण म्हणजे? महाराष्ट्र शासन!

झोटेरो म्हणजे संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारं सॉफ्टवेअर. ते कसं टाकायचं, हे इथे सांगत बसत नाही; ज्यांना पेपर लिहायचा असतो त्यांना ते ठाऊक असतं. माझी तक्रार एकाच ठिकाणी आहे आणि ती मी लांबवणार आहे. लेखकाच्या नावाला या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच दोन खाने: आडनाव आणि नाव. म्हणजे जगातला प्रत्येक लेखक हाडामांसाचा माणूस, असं गृहीत. माझा विषय मराठवाड्यातला ऊस आणि सिंचन. माझे निम्मे 'लेखक' म्हणजे शासन, जनगणना, आयोग, गॅझेटिअर. १९९९ चा चितळे आयोगाचा (राज्याच्या जल व सिंचन आयोगाचा) अहवाल टाकला, 'गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र' दोन खान्यांत विभागलं गेलं, 'महाराष्ट्र' झालं आडनाव आणि उरलेलं झालं नाव. एपीए पद्धत नावाची आद्याक्षरं करते, म्हणून सूचीत 'महाराष्ट्र, जी. ऑफ'. जनगणनेचं झालं 'इंडिया, सी. ऑफ'. मजकुरातल्या कंसात तर नुसतं 'महाराष्ट्र, १९९९'. वाचणाऱ्याला वाटावं, महाराष्ट्र नावाच्या कुणा गृहस्थांनी धरणं मोजली.

यावर उपाय आहे. नावाच्या ओळीच्या उजवीकडे एक चिमुकलं बटण असतं, ते दाबलं की दोन खान्यांचा एक होतो आणि संस्थेचं नाव अखंड राहतं. एवढंच. पण हे बटण इतकं बिचारं आहे, की कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. शिवाय नोंद उघडा, बटण दाबा, नाव नीट करा, पुढची नोंद उघडा. सगळ्या नोंदी एकदम बदलायची सोय मेनूत मला तरी सापडली नाही. 'गव्हर्नमेंट', 'कमिशन', 'मिनिस्ट्री' असे शब्द दिसले तर निदान एकदा विचारावं, बाबा रे, हा माणूस आहे का? हजारो लोक फुकटात वापरतात म्हणून इतकं हक्काने बोलू नये, पण बोलतोच.

इथपर्यंतचा मजकूर परवा रागात लिहिला होता आणि शेवटी दोन तारे द्यायचे ठरवले होते. मग काल रात्री शिकागोचं काम हातात घेतलं.

वर्डमध्ये झोटेरोच्या पट्टीतून डॉक्युमेंट प्रेफरन्सेस उघडलं, एपीएच्या जागी शिकागो निवडलं. थोडा वेळ फिरलं आणि अख्खा पेपर बदलला. कंसातले स्वल्पविराम गेले, साल लेखकाच्या नावाला चिकटलं, सूचीतल्या सालाभोवतीचे कंस नाहीसे झाले. हेच काम आमच्याकडे थीसिस टायपिंगवाले पानावर पैसे घेऊन करतात, आणि चुका नव्याने घालून देतात त्या वेगळ्याच. अशा पद्धतींचे तयार साचे दहा हजारांच्या वर आहेत. तेव्हा तारे वाढवतो.

मात्र एक धडा मिळाला. शिकागोला लेखकाचं पूर्ण नाव लागतं. पूर्ण नावाची आद्याक्षरं सॉफ्टवेअर करतं, आद्याक्षरांचं पूर्ण नाव करणार कोण? त्यामुळे नोंद करतानाच पूर्ण नाव टाकून ठेवा, पद्धत कुठलीही असो. आणि एकाच माणसाचं नाव सगळीकडे एकसारखं. माझ्याकडे एका नोंदीत 'व्ही. एम. दांडेकर', तर कुठून तरी ओढून आणलेल्या दुसरीत 'व्ही. दांडेकर'. एपीएमध्ये असताना मजकुरात इतरांची नुसती आडनावं येत होती आणि दांडेकरांचीच आद्याक्षरं. कारण झोटेरोच्या मते हे दोन वेगळे दांडेकर. १९७१ मध्ये नीलकंठ रथांबरोबर दारिद्र्यावर लिहिणारे आणि १९८४ च्या प्रादेशिक असमतोलाच्या समितीचे अध्यक्ष एकच, हे त्याला कुठून कळणार!

मराठी पुस्तकांचं दुखणं वेगळं. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) टाकला की नोंद आपोआप भरणारी जादूची कांडी इंग्रजी पुस्तकांवर झकास चालते. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएनच नसतो, म्हणजे हाताने टंकायचं. त्यात शीर्षक रोमन लिपीत हवं आणि पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ हवा, त्यासाठी वेगळा खाना नाही, सगळं शीर्षकातच कोंबायचं. शिकागोत शीर्षकाचे महत्त्वाचे शब्द कॅपिटलने सुरू होतात, म्हणून रोमनमधल्या मराठीतही जागोजाग कॅपिटल उगवले. भाषेच्या खान्यात मराठीचा 'एमआर' हा संकेत टाकल्यावर थांबले. हे मात्र मला आवडलं. ज्याने हे केलं त्याला इंग्रजीबाहेरचं जग असतं याची कल्पना होती. (त्यालाच त्या बटणाकडेही बघायला सांगा.)

पैशांचं. फायली साठवायला ३०० एमबी फुकट. स्कॅन केलेल्या गॅझेटिअरची एक पीडीएफच त्यातला मोठा घास घेते. २ जीबीला वर्षाला २० डॉलर. रुपयांत बघितलं आणि खिडकी बंद केली. नोंदी सिंक व्हायला मर्यादा नाही, तेवढं मला पुरतं. पीडीएफचं सिंक बंद केलं आणि त्या बाहेरच्या डिस्कवर ठेवल्या. पैसे वाचवायला झोटेरोचं अख्खं फोल्डरच गूगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन साठ्यात नेऊन ठेवू नका, डेटाबेस बिघडू शकतो, असं त्यांनीच बजावलंय. मेंडेली या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट जागा जास्त आहे, पण ते २०१३ पासून एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीचं आहे आणि २०२२ मध्ये त्यांनी जुना डेस्कटॉप प्रोग्राम द्यायचा बंद केला. एंडनोट हे तसलंच तिसरं सॉफ्टवेअर विकत घ्यायची माझी ऐपत नाही आणि असती तरी घेतलं नसतं.

एक गोष्ट अनपेक्षित. एका नोंदीवर अचानक लाल इशारा आला, की हा लेख मागे घेतला गेला आहे. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीशी झोटेरो नोंदी ताडून बघतं. तो लेख मी प्रास्ताविकात अगदी विश्वासाने उद्धृत केला होता. काढला. संपादकांच्या नजरेला आला असता तर महाराष्ट्र, जी. ऑफ बरे वाटले असते.

आता वर्डबद्दल. आमच्या मॅडम छापील प्रतीवर पेनने दुरुस्त्या करतात आणि मी त्या सूचीत हाताने टंकत होतो. पुढच्या रिफ्रेशला सगळ्या पुसल्या जायच्या. दुरुस्ती मूळ नोंदीत केली तरच टिकते, हे मॅडमना समजावणं मला जमलेलं नाही, म्हणून त्यांच्या दुरुस्त्या आता मी निमूटपणे झोटेरोत करतो. मोठ्या फाइलमध्ये प्रत्येक संदर्भाला वर्ड अडखळत असेल तर आपोआप अद्ययावत होण्याची खूण काढून टाका आणि शेवटी एकदाच रिफ्रेश करा. पाठवण्याआधी फाइलची प्रत काढून त्या प्रतीत अनलिंक सायटेशन्स करा, म्हणजे संदर्भांचा झोटेरोशी असलेला दुवा तुटून साधा मजकूर उरतो. मूळ फाइलला हात लावू नका, कारण पुढचं नियतकालिक पुन्हा एपीए मागेल.

चार तारे. पाचवा त्या बटणापायी गेला.