फोमची मॅट की हवेची मॅट?

तंबूत खरी थंडी खालून लागते. अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग फारशी ऊब धरत नाही आणि जमीन अंगातली उष्णता ओढून घेत राहते. म्हणून मऊपणाच्या आधी मॅटची आर-व्हॅल्यू बघा. हा आकडा जितका मोठा, तितकं गारठ्यापासून संरक्षण जास्त.

फोमची घडीची मॅट साधारण २ सेंटीमीटर जाड असते, आर-व्हॅल्यू २ च्या आसपास. काटा टोचला तरी बिघडत नाही, उलगडली की तयार. फक्त जागा फार खाते, सॅकच्या बाहेर बांधावी लागते. पाठीवर झोपणाऱ्याला ती पुरते.

कुशीवर झोपणाऱ्यांचा खांदा आणि कंबर मात्र तिच्यावर दुखून येते. त्यांनी ७-८ सेंटीमीटर जाडीची हवेची मॅटच घ्यावी. पण नुसत्या जाडीवर भुलू नका! आत उष्णतारोधक थर नसेल, तर आतली हवा खेळत राहते आणि मॅट गारच लागते. हवाही गच्च भरू नये. थोडी सोडली की अंग नीट सामावतं. पंक्चरचं ठिगळ सोबत हवंच.

कडाक्याच्या थंडीत मी दोन्ही वापरतो, फोम खाली. आर-व्हॅल्यूंची बेरीज होते आणि वरची फुटली तरी रात्र निभावते.