हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट: घ्यावा का?

घरात खाणारी चारपाच माणसं असतील आणि निम्मी तरी हँडल फिरवायला तयार असतील, तर जरूर घ्या. दोघांसाठी किंवा दर आठवड्यासाठी हा पॉट नाही. ४ लिटरच्या पॉटला एका वेळी ७-८ किलो बर्फ आणि किलोभर खडेमीठ लागतं, शिवाय नंतरची धुलाई. अधूनमधून सगळे जमले की काढायची ही वस्तू.

१८४३ साली फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी अशा यंत्राचं पेटंट घेतलं, त्यानंतर मूळ रचना फारशी बदललेली नाही. बाहेर बादली, आत धातूचा डबा, डब्यात रवीसारखी फिरकी आणि तिला डब्याची भिंत खरवडणाऱ्या पट्ट्या. वर गिअर आणि हँडल.

खरेदी करताना बादलीच्या पॉलिशकडे नव्हे, पट्ट्यांकडे बघा. पट्टी भिंतीला नीट टेकली नाही तर तिथे गोठलेला थर बसतो, तो आतल्या मिश्रणापर्यंत गारवा पोचू देत नाही आणि मधला भाग पातळच राहतो. परत करण्याची मुदत संपायच्या आत डब्याला आतून पिठाची पातळ पेज फासा आणि चारपाच फेरे द्या. पेज जिथे तशीच राहील, तिथे पट्टी लागत नाही. गिअर धातूचेच हवेत. शेवटच्या पाच मिनिटांत जोर वाढतो तेव्हा प्लास्टिकचे दाते आधी जातात. लाकडी बादली गारवा जास्त धरते, पण कोरडी पडली की फटींतून गळते. त्यात काही बिघाड नाही. आदल्या रात्री पाणी भरून ठेवा, फळ्या फुगून फटी बुजतात.

४ लिटरच्या डब्यात मिश्रण अडीच लिटरच घाला, कारण फिरवताना हवा शिरून ते फुगतं. साधं प्रमाण: १.६ लिटर सायीसकट दूध, ६०० मिली क्रीम, ४०० ग्रॅम साखर. ‘गोड कमी’ म्हणून साखर निम्मी करू नका. गोठणबिंदू खाली आणून आइस्क्रीम मऊ ठेवण्याचं काम तीच करते. दूध-साखर गरम करून गार करा, क्रीम मिसळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. कोमट मिश्रण ओतलंत तर निम्मा बर्फ ते गार करण्यातच संपेल. फळांचे तुकडे शेवटी घाला, तेही साखरेत मुरवून, नाहीतर दाताखाली बर्फाचे खडे येतात.

खरी गोम मिठात आहे. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली वितळतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो. वजनाने सात भाग बर्फाला एक भाग मीठ, थरावर थर. बर्फ बोराएवढा फोडलेला हवा. मोठ्या ढेपांमध्ये पोकळी राहते. मीठ जास्त झालं तर कडेचा भाग झटकन दगड होतो आणि फिरकी अडकते. कमी पडलं तर तासभर फिरवूनही आइस्क्रीम जमत नाही, उलट क्रीममधून लोण्याचे कण सुटतात आणि टाळूला चिकटतात. बादलीचं निचऱ्याचं भोक मोकळं आहे ना, हे मधूनमधून बघा. ते बुजलं तर खारं पाणी झाकणापर्यंत चढतं आणि सगळी मेहनत खारट होते.

सुरुवातीला हळू फिरवा, चारपाच मिनिटांनी वेग वाढवा. पहिली दहा मिनिटं मुलांची; हँडल हलकं असतं. (बोटं गिअरपासून लांब.) शेवटची पाच मिनिटं घरातल्या दणकट हातांची, आणि बादली हलू नये म्हणून तिच्यावर गोणपाट टाकून एकाने बसायचं. २० ते ३० मिनिटांत हँडल जड झालं की थांबा. झाकण उघडण्याआधी खारं पाणी काढून टाका आणि झाकण पुसा. फिरकी काढून झाकणाच्या भोकाला बूच लावा, चार भाग बर्फाला एक भाग मीठ या प्रमाणात पुन्हा भरा आणि गोणपाटाने झाकून दीड तास ठेवा. फिरकी चाटायला कोणाला द्यायची हे आधीच ठरवलेलं बरं.

चव? विकतच्याइतकी गुळगुळीत नाही. हवा कमी असल्यामुळे घट्ट, किंचित रवाळ आणि भराभर वितळणारी. आठवणीत असते ती हीच. मोटरवाला पॉट हात वाचवतो, पण आइस्क्रीम घट्ट झाल्यावर मोटर अडून घुमत राहिली तर लगेच बंद करा, नाहीतर जळते. भांडं फ्रीझरमध्ये गोठवून वापरायची छोटी यंत्रं एका वेळी लिटर-दीड लिटरच करतात आणि पुढच्या खेपेला भांडं पुन्हा दिवसभर गोठवावं लागतं. पाहुण्यांची दुसरी वाटी तिथेच अडते.

खारं पाणी झाडांना घालू नका. डबा, गिअर आणि बादलीभोवतीच्या धातूच्या पट्ट्या त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. रात्रभर मीठ राहिलं की गंज धरतो. गिअरला खाद्यतेलाचा हात फिरवा, बादली सावलीत वाळवा. उन्हात फळ्या तडकतात.